मंगळवार पाचची वही

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा मला भीती नाही, रागच आला. चार वाजायला तीन मिनिटं होती. बेर्ताकडे उशिरा पोचलं की उशीर का झाला यावरच अर्धा तास जातो, आणि 'लिफ्ट अडकली' हे कारण बेर्तानं आजवर कुणाचंही मान्य केलेलं नाही.

बेर्ता म्हणजे माझी मनाची डॉक्टर. आमच्या ब्युनोस आयर्समध्ये ज्याचा न्हावी ठरलेला असतो, त्याची ही बाईसुद्धा ठरलेली असते. मी केस घरीच कापते, पण दर मंगळवारी चार वाजता बेर्ताच्या कोचावर आडवी होऊन चार वर्षं बोलत आले होते. काय बोलत होते? सगळं. म्हणजे... मुद्द्याचं सोडून सगळं.

लिफ्टमध्ये आणखी एक जण होता. उंच, उंचीची लाज वाटत असल्यासारखा जरा वाकून उभा. बाहेरच्या पावसानं केस कपाळाला चिकटलेले, खांद्याला जाड कापडाची जड पिशवी. मी सगळी बटणं दाबली, जाळीचं दार गदागदा हलवलं, खालच्या राखणदाराला हाका मारल्या. हा आपला शांत. मधूनच माझ्याकडे बघायचा, मी बघितलं की छताकडे बघायचा. त्याच्या ओल्या कोटाला लोकरीचा वास येत होता, आणि त्या एवढ्याशा जागेत दुसरं हुंगायला काही नव्हतं.

त्याच्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती. मी मान तिरपी केली. आत पाने-पकडी, तारांची वेटोळी, ग्रीसचा डबा, आणि एक फोटोचा बिल्ला. त्यावर नाव, एसेकिएल, आणि खाली काम, लिफ्ट दुरुस्ती.

"तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता," मी म्हणाले.

"हो."

"दहा मिनिटं झाली आपण इथे लटकतोय."

"हो... म्हणजे, तुम्ही विचारलं नाहीत." तो कानापर्यंत लाल झाला. "आणि तुम्ही इतकं मन लावून दार हलवत होतात... मध्येच बोलणं बरं दिसेना."

मी हसले. मग तोही हसला, आणि त्याचे दात दिसले. मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे येतात, त्यावर मी दात कोरते. चेहरा न बघताच मला सांगता येतं, कोण डाव्या बाजूनं चावतं, कोण नखं कुरतडतं, कोणाला झोपेतही चैन नाही.

"झोपेत दात खाता तुम्ही," मी म्हणाले. "डावा सुळा झिजलाय."

"हे भेटेल त्या प्रत्येकाला सांगता?"

"नाही. ज्याचा सुळा बघावासा वाटेल त्यालाच."

हे मी बोलले खरं, आणि मग मीही छताकडे बघत बसले.

लिफ्ट त्यानं पाच मिनिटांत चालू केली. तोही बेर्ताकडेच निघाला होता, नुकताच यायला लागलेला. त्याची वेळ पाचची, पण कुणाचा खोळंबा नको म्हणून तासभर आधी येऊन बसायची त्याला सवय. माझा पाव तास गेलाच होता, तर मी त्याचा पाचचा पूर्ण तास घ्यावा, माझ्या उरलेल्या वेळात तो भागवेल, असं त्यानंच सुचवलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण मी घेतला.

पुढच्या आठवड्यात दारात गाठ पडली, तेव्हा मी सहज पुटपुटले की आमच्याकडे साचे चारलाच येतात, पाचची वेळ असती तर बरं पडलं असतं. विचारलं नाही हां, नुसतं पुटपुटले. आणि नोव्हेंबरपासून आमच्या वेळा बदलल्या. चारला तो, पाचला मी. बेर्तानं एवढ्यासाठी दोघांनाही वेगवेगळं दोन-दोन मंगळवार झोडपलं. 'त्याच्या वेळेचं तुला काय हवंय?' असं ती मला विचारत राहिली, आणि मी साच्यांबद्दल बोलत राहिले.

तेव्हापासून दर मंगळवारी पाच वाजता तो बाहेर येई, मी आत जाई. दाराशी दोन मिनिटं. त्याचे डोळे कधी कधी लाल असत. मी त्यावर काही बोलत नसे. तो माझ्यासाठी दार धरून उभा राही, गरजेपेक्षा थोडं जास्तच, आणि बेर्ता आतून खाकरे. सबंध आठवड्यात माझ्या वाट्याला आलेलं सुख ते तेवढंच होतं.

फेब्रुवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, शहरातले सगळे मनाचे डॉक्टर सुटीवर जातात. सगळे, एकाच महिन्यात. त्या महिन्यात इथं घटस्फोट लांबणीवर टाकतात, राजीनामे देत नाहीत, आईला फोन करत नाहीत. मार्चची वाट बघतात. बेर्ता नेकोचेआच्या समुद्रावर गेली आणि किनाऱ्यावरच्या खुर्चीत, मांडीवर अर्धं सोललेलं संत्रं ठेवून, वारली. बहात्तर वर्षांची होती. तिच्या लेकीचा, ग्रिसेलचा, मला फोन आला तेव्हा मी एक दाढ घासत होते. फोन ठेवला आणि ती दाढ पूर्ण केली. हात थांबवले तर काय होईल याचीच भीती वाटली.

अंत्यदर्शनाच्या दालनात एका बाजूला नातेवाईक होते आणि दुसऱ्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, आम्ही. वीस-बावीस माणसं, एकमेकांना दारातून तेवढी ओळखणारी. कुणाचं नाव कुणाला ठाऊक नाही. एक टक्कल पडलेले गृहस्थ माझ्याजवळ आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "सोमवार, अकरा." मी म्हणाले, "मंगळवार, पाच." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. आपली गुपितं ठेवलेलं कपाट कुणीतरी पुरायला निघालंय, आणि आपण नातेवाईकही नाही.

एसेकिएल आला, माझ्याशेजारी उभा राहिला. थोड्या वेळानं त्याच्या बाहीची कड माझ्या बाहीला लागली आणि तिथेच राहिली. मीही हात काढला नाही.

मार्चमध्ये ग्रिसेलनं पुन्हा फोन केला. ती तान्दिलला गुराढोरांची डॉक्टर. आईच्या कपाटात वह्या सापडल्या होत्या, प्रत्येक पेशंटची एक. वह्यांवर नावं नव्हती, नुसता वार आणि वेळ. जाळायला तिचा जीव होईना, वाचायची तिची इच्छा नव्हती, म्हणून ज्याची त्याला देऊन टाकायची तिनं ठरवलं. बेर्ताला हे कळतं तर तिनं लेकीला कोचावर आडवं केलं असतं. मी गेले. ग्रिसेलनं दारातच विचारलं, "तुमची वेळ?" मी म्हणाले, "मंगळवार पाच." तिनं एक जाड खाकी पाकीट माझ्या हातात ठेवलं.

बसमध्येच मी ते फोडलं. पहिल्या ओळीतच कळलं की वही माझी नाही. वेळा बदलल्या तरी बेर्तानं वह्यांवरचे जुने आकडे बदलले नव्हते. 'ए., लिफ्टचा कारागीर, एकतीस. तासभर आधी आला. क्षमा मागत बसला.'

वही बंद करायची, घरी जायचं, त्याला फोन करायचा. साधी गोष्ट होती. मी सगळी वाचली. बसचा शेवटचा थांबा आला, चालकानं मला उतरवलं, आणि मी थांब्यावरच्या बाकावर बसून उरलेली वाचली.

मी हे पहिल्यांदा करत नव्हते. नऊ वर्षांची असताना बाबांच्या कोटाच्या खिशात गोळ्या शोधताना मला बोटीचं तिकीट सापडलं होतं. नदीपलीकडच्या मोन्तेविदेओचं, जाण्याचं फक्त. मी ते परत जागेवर ठेवलं. आईला सांगितलं नाही, बाबांना विचारलं नाही. अकरा दिवस मी त्यांच्या ताटात जास्तीचं वाढत राहिले. बाराव्या दिवशी ते गेले, आणि घरात मला एकटीलाच धक्का बसला नाही. तेव्हापासून माझं हे चालूच आहे. माणूस आवडला की मी त्याचे खिसे बघते, खण बघते, फोन बघते. फाब्रिसिओ नावाच्या एका भल्या माणसाला मी त्याच्या फोनमधल्या एका संदेशावरून सोडलं होतं. तो त्याच्या चुलत बहिणीचा निघाला. बेर्ता चार वर्षं एकच प्रश्न विचारत होती, 'बाबांना विचारलं असतंस तर काय झालं असतं?' आणि मी दर वेळी उठून पाणी पीत असे.

तर ती वही. एसेकिएलचा थोरला भाऊ नाहुएल मोटरसायकलवरून पडून गेला होता. त्यानंतर आई दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दहा वर्षांचा हा पोरगा शाळेतून आला की दारात उभा राहून आईच्या सपातांचा आवाज ऐके. सपाता भराभर वाजल्या तर आज बोलायचं. घासत वाजल्या तर गप्प बसायचं. वाजल्याच नाहीत तर शेजारणीकडे जाऊन जेवायचं. तो अजून तसाच होता. स्वतःला काय हवं ते कुणाला सांगायचा नाही, समोरच्याला काय हवं ते ओळखून तसा व्हायचा, आणि मनातल्या मनात वाट बघायचा, की कुणीतरी एकदा न सांगता माझंही ओळखेल.

काय काय होतं त्यात. त्याला दुधात थेंबभर टाकलेली कॉफी आवडते. वाढदिवस साजरा केलेला आवडत नाही, पण विसरलेलाही आवडत नाही. दूर दक्षिणेला एस्केलच्या डोंगरावर, बर्फावरून माणसं वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या देखभालीची नोकरी त्याला देऊ करतायत. 'कुणी जाऊ नको म्हणालं तर मी जाणार नाही, असं म्हणतो. कुणी म्हणेल याची वाट बघतो.' आणि शेवटून चौथ्या पानावर बेर्ताच्या तिरक्या अक्षरात मी होते. 'लिफ्टमधली मुलगी. तिच्याबद्दल बोलताना याचा आवाज बदलतो. ती विचारत नाही, हा सांगत नाही. दोघांचं कसं व्हायचं?'

मी ते पान इतक्यांदा वाचलं की त्याचा कोपरा मऊ पडला. मग मी त्याला फोन केला. वहीबद्दल चकार शब्द काढला नाही. शनिवारी भेटूया का, एवढंच म्हणाले.

कोपऱ्यावरच्या कॅफेत तो नेहमीसारखा म्हणाला, तू घेशील तेच. मी वेटरला दुधात थेंबभर कॉफी आणायला सांगितली. त्यानं माझ्याकडे बघितलं... मला वाटलं, असं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. आता वाटतं, ते आश्चर्य असावं. नाहीतर आणखीही काही.

एप्रिल आणि मे हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर महिने होते आणि ते चोरीचे होते. हे दोन्ही खरं आहे. तो माझ्याकडे राहायला आला. त्याच्या वाढदिवशी मी केक आणला नाही, मेणबत्ती लावली नाही, फक्त सकाळी उठताना कानात म्हणाले, "बत्तीस." तो हसला आणि बराच वेळ मला सोडेना. भावाची पुण्यतिथी आली त्या दिवशी मी काही न विचारता सुटी घेतली आणि आम्ही नदीकाठच्या कठड्यावर बसून राहिलो. घरात मी सपाता घालायचं बंद केलं. त्याला रागीट शब्द सहन होत नाही म्हणून मी रागावतही नसे. तो म्हणायचा, "तुला कसं कळतं गं सगळं?" मी म्हणायचे, "दात बघून." तो मान खाली घालून हसायचा.

पण तो झोपेत दात जास्तच खायला लागला होता. मी जागी राहून ते ऐकत असे. वहीत लिहिलेलं सगळं मी बरोबर करत होते, तरी त्याचा सुळा झिजतच होता. काय चुकतंय ते मला कळेना. जे वहीत नाही ते त्याला विचारावं लागलं असतं, आणि तेवढं सोडून मला सगळं जमत होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी तो आंघोळीला गेला असताना मी त्याच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. किल्ल्या शोधायला, असं मी स्वतःला सांगितलं. हाताला तिकीट लागलं. शनिवार, दुपारी तीन, रेतिरोच्या स्थानकावरून एस्केल. जाण्याचं फक्त.

मी ते परत जागेवर ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्यासाठी जास्तीचं वाढलं.

सहा दिवस. त्या सहा दिवसांत तो काही बोलला नाही आणि मी काही विचारलं नाही. आम्ही एकमेकांशी इतकं गोड वागत होतो की कुणालाही हेवा वाटला असता. गुरुवारी त्यानं माझ्या घरातला गळका नळ बसवला, शुक्रवारी दाराची कडी. माणूस निघायच्या आधी अशी कामं उरकतो हे मला कळत होतं. मी नुसती 'थँक्यू' म्हणत होते. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, जरा लांबच्या कामाला जातोय. पिशवी रोजच्यापेक्षा मोठी होती. दाराशी त्यानं मला जवळ घेतलं आणि थांबला. चार-पाच मिनिटं तसाच थांबला. मी म्हणाले, "पाऊस येईल, छत्री घे."

तो गेला. मी बेसिनपाशी जाऊन पाण्याचा ग्लास भरला. आणि तो पिता पिता, इतक्या वर्षांनी, बेर्ताच्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं. बाबांना विचारलं असतं, तर ते कदाचित तरीही गेले असते. पण ते अकरा दिवस मी एकटी राहिले नसते. मी ग्लास ठेवला, वही घेतली आणि धावत सुटले.

रेतिरोला पोचले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. बारीक पाऊस, डिझेलचा वास, फलाटभर गाठोडी. तो एकोणतिसाव्या खांबाजवळ पिशवीवर बसला होता. मला बघून उठला. चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुझ्या खिशात तिकीट बघितलं," मी म्हणाले. मला धाप लागली होती. "रविवारी."

"माहीत आहे. तू बघावंस म्हणूनच वरच्या खिशात ठेवलं होतं."

"आणि हे..." मी खाकी पाकीट पुढे केलं. "तुझी वही आहे. ग्रिसेलनं चुकून मला दिली. मी वाचली. सगळी. पहिल्या दिवसापासून मी तुझ्याशी हिच्यातलं बघून वागतेय."

त्यानं पाकीट घेतलं, पण उघडलं नाही.

"तेही माहीत आहे, रोमिना. लादी बर्फासारखी गार, आणि तू अनवाणी चालायचीस. सपातांचं मी एकट्या बेर्तालाच सांगितलं होतं." मग त्यानं आपल्या पिशवीतून तसलंच दुसरं पाकीट काढलं. "ही तुझी. मला मिळाली होती."

मी विचारलं. "वाचलीस?"

"पहिलं पान. तुझी आहे हे कळायला तेवढं लागलं. पुढे नाही."

मला सवय होती ती पानांच्या घड्या बघायची, कडेला बोटांचे डाग शोधायची. मी पाकीट घेतलं आणि न उघडता काखेत धरलं. तो खरं बोलत होता की नाही हे मला आजही माहीत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

"मग इतके महिने बोलला का नाहीस?"

"छान वाटत होतं," तो म्हणाला. "कुणीतरी न सांगता माझं ओळखत होतं. खोटं आहे हे माहीत होतं, तरी... तुला कल्पना नाही किती छान वाटत होतं. मग भीती वाटायला लागली. तू माझ्याकडे बघायचीस तेव्हा वाटायचं, ही मला नाही बघत, त्याला बघतेय, वहीतल्याला. आणि मीही त्याच्यासारखाच वागायला लागलो. ती दुधातली कॉफी मला आवडत नाही आता. पाच-सहा महिने झाले असतील."

"अरे मग पीत का होतास?"

"तू आणायचीस ना."

मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नाक वाहायला लागलं. त्यानं रुमाल दिला. मी त्याच्यावर प्रेम करत होते. हा खांबाजवळ वाकून उभा असलेला, माझ्यावर चिडलेला, कॉफी न आवडणारा माणूस मला हवा होता. आणि त्याला थांबवायचं कसं ते मला ठाऊक होतं. चोविसाव्या पानावर, खालून तिसरी ओळ. कुणी म्हणालं तर तो जाणार नव्हता.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटून घेतले. "पुन्हा म्हण."

"जाऊ नकोस, एसेकिएल. माझ्याजवळ राहा."

त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यानं ते बाहीनं पुसलं, आणि वाकलेला होता तो ताठ उभा राहिला. तो एवढा उंच आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"मी जातोय," तो म्हणाला.

"पण त्यात लिहिलंय—"

"मीच बोललो होतो ते. तेव्हा खरं होतं. कुणी म्हणेल म्हणून थांबलो होतो, म्हणून मला वाटायचं की मला जायचंच नाहीये. आता तू म्हणालीस, आणि..." तो शब्द शोधत होता. "मला जायचंय, रोमिना. मला ते डोंगर बघायचेत. तुला सोडून नाही. पण मला जायचंय."

मी खाली बसले, त्याच्या पिशवीवर. तोही शेजारी बसला. आजूबाजूला लोक सामान चढवत होते, कुणीतरी कुत्र्याच्या तिकिटावरून वाद घालत होतं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे मला कुठल्या खिशात सापडलं नव्हतं. हे त्यानं मला सांगितलं होतं.

"माझ्यावर रागावलायस?"

"हो. खूप."

"आणि प्रेम?"

"तेही आहे. तेच तर."

"परत येशील?"

"बर्फ ऑक्टोबरपर्यंत असतो. पुढचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, लपवत नाहीये."

बस सुटायला तीस-एक मिनिटं होती. मी इतके प्रश्न कधी कुणाला विचारले नसतील. तुला खरं काय प्यायला आवडतं? कडक चहा, लिंबू पिळून. माझ्यातलं काय आवडत नाही? मी कधीच भांडत नाही ते. लिफ्टमध्ये मी सुळ्याबद्दल बोलले तेव्हा काय वाटलं? की ही लिफ्ट पुन्हा कधी चालू करू नये. काही उत्तरं बोचली. एक तर इतकं बोचलं की ते मी इथे लिहिणार नाही. तोही विचारत होता. मोन्तेविदेओच्या बोटीचं मी त्याला माझ्या तोंडानं सांगितलं, पहिल्यापासून. ऐकताना त्यानं माझा हात धरला होता, आणि मध्येच "मग?" म्हणत होता. त्यानं पुढचं खरंच वाचलं नसावं असं मला तेव्हा वाटलं, पण मी ते तपासायला सांगत नव्हते.

तीनला पाच कमी असताना चालकानं हाक दिली. एसेकिएलनं मला कपाळावर, मग ओठांवर चुंबन दिलं. त्याच्या कोटाला पुन्हा पावसाचा आणि लोकरीचा वास येत होता. तो चढला. दार बंद झालं, काचांवर वाफ धरली होती, आत माणसं आपापल्या जागा शोधत होती.

बस हलली तशी मी तिच्या कडेनं चालायला लागले, एकेका खिडकीकडे बघत, हात हलवत. एक म्हातारी दिसली, एक झोपलेला शिपाई, टोपरं घातलेलं एक बाळ. शेवटच्या खिडकीपर्यंत गेले. तो कुठेच नव्हता. पलीकडच्या बाजूला बसला असणार, पलीकडच्या रिकाम्या फलाटाकडे बघत, मला शोधत. एवढं सगळं विचारलं, आणि त्याची सीट कुठल्या बाजूला आहे ते विचारायचं राहूनच गेलं.